निम्मे आणि वीस: स्लीप ॲप्नियातील जबड्याच्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

जबडे पुढे घेण्याचे तंत्र मुळात स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजारासाठी, नव्हतेच. १९५० च्या दशकात युरोपात खालचा जबडा आतल्या बाजूने चिरून सरकवायची पद्धत बसली, ती चेहऱ्याची ठेवण आणि दातांची जुळणी सुधारण्यासाठी. ॲप्नियाच्या गंभीर रुग्णाला पुढेही बरीच वर्षे श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता. १९८० च्या सुमारास अमेरिकेत काही रुग्णांचा आखूड जबडा पुढे घेतला आणि झोपेतला श्वास मोकळा झाला.

१९८१ मध्ये मात्र ऑस्ट्रेलियातून सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, आले आणि त्याच वर्षी पडजीभ-टाळूची शस्त्रक्रियाही. पुढे कॅलिफोर्नियात टप्पे ठरले: आधी टाळू, जिभेचा स्नायू आणि कंठास्थी (जिभेच्या बुडाशी असलेले हाड) यांवरची शस्त्रक्रिया, त्याने भागले नाही तरच दोन्ही जबडे, साधारण १० मिलिमीटर पुढे. सर्वांत परिणामकारक उपाय असा रांगेत शेवटी गेला. ज्याचा जबडाच मागे आहे, त्याला आधी टाळू कापून घ्यायला लावणे मला पटत नाही.

खरा गुंता ‘यशस्वी’ या शब्दात आहे. १९९६ च्या एका आढाव्यानंतर रूढ झालेली व्याख्या अशी: तासाला श्वास अडण्याचे प्रसंग निम्म्याने घटावेत आणि २० च्या खाली यावेत. म्हणजे ६० वरून १९ वर आलेला रुग्ण यशस्वी, पण १५ ते ३० म्हणजे मध्यम आजार, हे निदानाचे कोष्टक त्यालाही लागू असतेच. २०१६ च्या एकत्रित विश्लेषणात जबड्याच्या शस्त्रक्रियेचे यश ८५.५ टक्के भरले. ५ च्या खाली आलेले, म्हणजे बरे झालेले, ३८.५ टक्के. रुग्णाला बहुधा पहिलाच आकडा ऐकवला जातो. दोन्ही सांगायलाच हवेत. खालच्या ओठाची बधिरता काहींना कायमची राहते, ती तर या दोन्ही आकड्यांत नाही.

अर्थात सीपॅपचा हिशेबही सैलच आहे. रात्री चार तास, दहापैकी सात रात्री वापरले की ‘नियमित’. मास्क काढल्यानंतरची झोप कोण मोजतो?

आता जबडा स्पष्ट आखूड असेल तर अनेक शल्यविशारद पहिला टप्पा वगळतात. जिभेची नस चेतवणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्या मुख्य चाचणीतही रुग्णांचा प्रतिसाद मोजला गेला तो याच निम्मे-आणि-वीसच्या मापाने.