किर्लोस्करवाडी (स्टेशन आणि वसाहत)

किर्लोस्करवाडी म्हणजे सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातलं, पुणे-मिरज लाईनवर ताकारी आणि आमणापूरच्या मधलं छोटं स्टेशन आणि त्याला चिकटून असलेली कारखान्याची वसाहत. एरवी गावासाठी स्टेशन होतं, इथं आधी स्टेशन आलं आणि वाडी नंतर वसली. स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड, कारण कुंडल गाव तिथून काही किलोमीटर आत. १८९० पर्यंत सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाईन इथून सुरू झाली होती, पण स्टेशनाभोवती नुसता माळ, निवडुंग आणि नाग.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना तेव्हा बेळगावात होता, तिथली जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हा ३२ एकर माळ देऊ केला. जमीन अगदीच टाकाऊ, पण दारात रेल्वे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे, कारण कच्चं लोखंड आणायचं आणि जड नांगर गावोगाव पाठवायचे तर बैलगाडीवर कितीसं भागणार.

१९१० साली साधारण पंचवीस कामगार बायकापोरांसकट इथं आले. घरं, पाणी, साफसफाई असा वाडीचा सगळा कारभार लक्ष्मणरावांचे भाऊ रामुअण्णा बघायचे, इंजिनं शंभोअण्णा जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. रात्रीच्या पहाऱ्याला तर शिक्षा भोगून आलेले दरोडेखोर ठेवले होते, आणि ते भरवशाचे निघाले! वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा लक्ष्मणरावांचा दंडक, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. नांगर खपवणं मात्र सोपं नव्हतं, लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. मग उसाचे चरक, पंप वगैरे आलं.

या एवढ्याशा वाडीतून १९२० पासून शंकरराव किर्लोस्करांनी मासिकं काढली, आधी ‘किर्लोस्कर खबर’, १९३० ला ‘स्त्री’, मग ‘मनोहर’, आणि ती महाराष्ट्रभर घराघरात वाचली जायची.

याच लाईनवर कराड स्टेशनजवळ ओगलेवाडी आहे, तीही अशीच कारखान्यामुळे वसलेली, ‘प्रभाकर’ कंदील बनवणाऱ्या काचकारखान्याची. तो कारखाना बंद पडला. किर्लोस्करवाडीत पंप अजून बनतात, स्टेशनालाही आता वाडीचंच नाव आहे, पण १९४६ नंतर ऑईल इंजिनं पुण्यात, विजेच्या मोटारी बंगळूरला असा धंद्याचा पसारा शहरांकडे गेला आणि मागोमाग बरीच जुनी घराणीही गेली.