एकरेणू सांधा : प्रकाश आणि विद्युतप्रवाह

दोन धातूंच्या टोकांमध्ये एकच रेणू अडकवून त्यातून वीज वाहू दिली, की एकरेणू सांधा तयार होतो. कोकणात व्हाळाच्या दोन काठांवर टेकवलेला पोफळीच्या खोडांचा साकव डोळ्यांपुढे आणावा : काठ सोन्याचे, साकव रेणूचा आणि मधली फट सुमारे एक नॅनोमीटरची. यावर प्रकाश पडला की प्रवाह बदलतो. तो कशामुळे बदलला हे ठरवणे मात्र फार अवघड, कारण उजेड साकवावर पडतो तसा काठांवरही पडतो.

एकटा रेणू विद्युतघटकाचे काम करू शकेल, ही कल्पना अविराम आणि रॅटनर या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडली. सांधा बनवण्याची आज रुळलेली रीत शू आणि टाओ यांची, २००३ मधली. द्रावणात बुडालेल्या सोन्याच्या पृष्ठावर सोन्याचे टोक टेकवायचे आणि सावकाश मागे ओढायचे. मधला सोन्याचा धागा ताणत एका अणूइतका बारीक होतो, तुटतो आणि तुटल्या जागी एखादा रेणू दोन्हीकडे चिकटतो. हे हजारो वेळा केल्यावरच वाहकतेचा, म्हणजे वीज किती सहज वाहते याचा, आकडा सांगता येतो. सोन्याच्या एका अणूची वाहकता सुमारे ७७.५ मायक्रोसीमेन्स, तर बायपिरिडीन रेणूची त्याच्या साधारण शंभराव्या भागाइतकी असते.

प्रकाशाने रेणूच बदलतो याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण डायअरिलइथीन या रेणूचे. अतिनील प्रकाशात त्याच्या मधले अणूंचे कडे मिटते, दृश्य प्रकाशात उघडते. मिटलेल्या कड्यातून इलेक्ट्रॉनांना सलग वाट असते. कडे उघडले की साकवाची मधली खोडे काढून घेतल्यासारखे होते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे २००३ मध्ये सोन्याच्या टोकांत बसवलेल्या अशा रेणूवर ५४६ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला, तेव्हा रोध मेगाओहमवरून गिगाओहमवर गेला. परत मात्र तो खाली येईना. अतिनील किरणांनी रेणूला दिलेली ऊर्जा, कडे मिटण्याआधीच, सोने ओढून घेत होते. काठाशी नाते फार घट्ट असले की साकवाला स्वतःचे वागणे उरत नाही, हे त्या प्रयोगाने दाखवले आणि ते पुढच्या यशाइतकेच मोलाचे आहे. पेकिंग विद्यापीठातील गटाने २०१६ मध्ये सोन्याऐवजी ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) घेतले, रेणू आणि ग्राफीन यांच्यामध्ये मिथिलीन या छोट्या कार्बन-गटाचे तीन-तीन दुवे घातले आणि तोच रेणू शंभराहून अधिक वेळा दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवला.

रेणू जसाच्या तसा राहिला तरी प्रवाह वाढू शकतो. फट ओलांडतानाच इलेक्ट्रॉनाने प्रकाशकण गिळला, तर तो वरच्या पातळीतून पार होतो; टिएन आणि गॉर्डन यांनी १९६३ मध्ये अतिवाहकांतील (रोधाविना वीज वाहणाऱ्या पदार्थांतील) सूक्ष्मलहरींसाठी हे गणित मांडले. किंवा सोनेच प्रकाश शोषते आणि त्यातले ‘तप्त’, म्हणजे जादा ऊर्जा मिळालेले, इलेक्ट्रॉन रेणूतून जातात. बायपिरिडीनवर ९८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकल्यावर वाहकता २० ते ४० टक्के वाढल्याचे २०१७ मध्ये नोंदवले गेले. स्थिर अवस्थेत दोन्ही वाटांचे गणित सारखेच उतरते. प्रकाश टोकांतच शोषला जात असेल आणि तप्त इलेक्ट्रॉन निवायला वेळ घेत असतील, तर मोठा वाटा त्यांचाच, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

तिसरी वाट खारबांधाच्या उघाडीसारखी, म्हणजे खाडीकाठच्या बांधातल्या झडपेसारखी. खाडीचे पाणी रोज दोनदा चढते आणि उतरते, पण उघाडीचे दार एकाच दिशेने उघडते. प्रकाशलहरीचे विद्युतक्षेत्रही असेच पुढेमागे हेलकावते. सांधा दोन्ही दिशांना सारखा वाहत नसेल, तर सरासरी काढल्यावर थोडा एकदिश प्रवाह उरतो.

या सगळ्याआधी पाहायची बाब उष्णतेची. प्रकाशाने टोक तापते, सोने प्रसरण पावते, काठ जवळ येतात. निर्वातातील रिकाम्या फटीत अंतर एका अँगस्ट्रॉमने (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाने) घटले तरी प्रवाह सुमारे दसपट होतो. म्हणून रेणूविना, तोच प्रकाश टाकून घेतलेले मापन शेजारी ठेवावे लागते. ते नसेल तर वाढलेला प्रवाह रेणूच्या नावे मांडू नये.