जुना भूतबंगला पुन्हा सुरू करताना : उद्यान व यात्रा-राइड मालकांसाठी माहितीपत्रक

आपल्या उद्यानातील भूतबंगला, म्हणजे प्रवाशांना छोट्या गाडीत बसवून अंधारातून भुतांच्या देखाव्यांसमोरून नेणारी राइड, बंद पडून असेल, किंवा चालू असूनही आत गेलेली मुले न ओरडताच बाहेर येत असतील, तर तो भंगारात देण्याआधी हे पत्रक शेवटपर्यंत वाचावे, अशी आमची विनंती आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे वर्कशॉप आहे. आकाशपाळण्यांची बेअरिंगे बदलता बदलता आम्ही भूतबंगल्यांच्या कामात आलो आणि आता जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून हेच काम आमच्याकडे अधिक येते. या कामाबाबत आमचे एक ठाम मत आहे, ते आरंभीच सांगतो. प्रवाशाला जे दिसते त्यातील बहुतेक जुने तसेच राखावे आणि अंधारामुळे जे दिसत नाही ते सर्वच्या सर्व नवे करावे. बऱ्याच ठिकाणी नेमके उलट घडते. भुते नवी येतात आणि त्यांच्या मागची वायर वीस वर्षांपूर्वीचीच राहते.

रुळाची वळणे बदलू नयेत

आपल्या गाडीखाली मधोमध एकच रूळ असेल आणि गाडी त्याला धरून गर्रकन वळत असेल, तर ही रचना जवळपास शंभर वर्षांची आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ब्रिजटन या गावी लिऑन कॅसिडी यांनी 1928 च्या सुमारास अशा गाड्या बनवणारी कंपनी काढली. बाहेर आलेला एक प्रवासी ‘माझा तर पार प्रेट्झेल झाला’ असे म्हणाल्याची कथा आहे. प्रेट्झेल म्हणजे तिकडचा वेटोळे घातलेला पाव, आणि तेच नाव कंपनीला मिळाले. पुढे 1930 मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथे ‘घोस्ट ट्रेन’ या नावाने अशी राइड सुरू झाली आणि ते नाव जगभर गेले.

या जुन्या कारागिरांनी ओळखलेली गोष्ट आजही तितकीच खरी आहे. वळण पुढचा देखावा झाकून ठेवते, म्हणून लहानशा पत्र्याच्या शेडमध्येही प्रवास लांबचा वाटतो. आमच्याकडे आलेल्या एका राइडमध्ये गाडी एकाच भिंतीसमोरून दोनदा जात असे आणि त्या भिंतीवर गावाबाहेरची विहीर रंगवलेली होती. दुसऱ्यांदा तीच विहीर समोर आली की आतली माणसे एकदम गप्प होत. चकव्यात सापडलेला वाटसरू फिरून फिरून त्याच जागी येतो, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेले असते. ज्याने तो रूळ टाकला त्याला ते पक्के ठाऊक होते. असा रूळ ‘जागा वाया जाते’ म्हणून सरळ करावा, अशी मागणी आमच्याकडे येते तेव्हा आम्ही ती नम्रपणे नाकारतो.

पहिला दिवस उजेडाचा

कामाच्या पहिल्या दिवशी आम्ही सर्व दारे उघडतो, हॅलोजन लावतो आणि ज्या अंधारात राइड एरवी चालते तो पूर्ण घालवतो. अनेक मालकांनी स्वतःचा भूतबंगला उजेडात कधी पाहिलेला नसतो. काळ्या रंगाखाली वाळवीने पोखरलेले प्लायवूड, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, कार्बनच्या भुकटीने माखलेला वीजवाहक पट्टा आणि पत्र्याच्या भोकांतून आत येणारे उन्हाचे कवडसे, एवढे तर बहुतेक ठिकाणी निघतेच. हे कवडसे क्षुल्लक समजू नयेत. ब्लॅकलाइटखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, चमकणारे फ्लुरोसंट रंग उन्हाने फार लवकर उडतात, आणि ‘रंग हलका निघाला’ अशी ज्याची तक्रार असते तो रंग पुष्कळदा छताच्या भोकामुळे गेलेला असतो.

बाहुल्यांची तपासणी आम्ही हाताने करतो. एका सांगाड्याची कवटी कानशिलापाशी ब्लेडने अलगद खरवडली तेव्हा पांढऱ्याखाली पिवळा, त्याखाली हिरवा, पुन्हा पांढरा आणि सर्वांत आत कागदी लगद्याचा मातकट रंग लागला. लगद्यात वर्तमानपत्राची उलटी अक्षरे अजून वाचता येत होती. दर हंगामाला चढवलेल्या रंगाने डोळ्यांच्या खोबणी बुजल्या होत्या आणि चेहरा गुळगुळीत झाला होता. आम्ही वरचे थर काढून मूळ खोबणी मोकळ्या केल्या, एवढ्यानेच ती कवटी पुन्हा पाहवेना. नवी फायबरची कवटी तिच्याहून स्वस्त पडली असती, पण ती दुसऱ्या कोणत्याही उद्यानातल्या कवटीसारखीच दिसली असती.

आग

या विषयावर आम्ही कोणतीही सवलत देत नाही. सिडनीच्या लूना पार्कमधील घोस्ट ट्रेनला 9 जून 1979 रोजी आग लागून 7 जण गेले, त्यांतील 6 मुले होती. न्यू जर्सीतील एका उद्यानात 11 मे 1984 रोजी भुताच्या वाड्याला आग लागली आणि 8 किशोरवयीन मुले आत अडकून दगावली. त्या वाड्यात पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. आपल्या शेजारी राजकोटला 25 मे 2024 रोजी एका गेम झोनमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पेट घेऊन काय झाले, हे सर्वांना आठवत असेल. अंधार, अरुंद वाट, कापड, लाकूड आणि वायर हे सर्व एका छताखाली आणणारी भूतबंगल्यासारखी दुसरी राइड नाही.

म्हणून आतला फोम आणि थर्मोकोल आम्ही पूर्णपणे काढून टाकतो. सुती पडद्यांना टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया करतो. ही प्रक्रिया पाण्याने निघून जाते, त्यामुळे पडदा धुतला किंवा पावसात भिजला की ती पुन्हा करावीच लागते. वायरिंग एफआरएलएस वायरचे (सहज न पेटणाऱ्या, कमी धूर सोडणाऱ्या) करतो आणि 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच) बसवतो. ज्या गाड्या जुन्या पद्धतीने जास्त दाबाच्या विजेवर चालतात त्यांना 24 किंवा 48 व्होल्ट डीसीवर आणतो, कारण रुळावर पाय पडणारे मूल आपले असू शकते. ऑपरेटरच्या हाताशी एकच मोठे लाल बटण असते. ते दाबले की गाड्या थांबतात, आवाज बंद होतो, बॅटरीवरचे सर्व दिवे लागतात आणि ‘गाडीतच बसून राहा, आमचा माणूस येत आहे’ अशी मराठी व अहिराणीतील ध्वनिमुद्रित सूचना सुरू होते. आत कोठेही असलेल्या माणसाला दोन वेगवेगळ्या दिशांनी बाहेर पडता यावे, यासाठी भिंती तोडाव्या लागल्या तर आम्ही त्या तोडतो, मग तेथे कितीही सुंदर देखावा असो. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावयाचा ‘फॉर्म बी’, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, परवानाधारक एजन्सीकडूनच घ्यावा. तो आम्ही देत नाही आणि देऊ शकत नाही. राइड चालू असताना आत वेल्डिंग कधीही करू देऊ नये.

आपल्याकडचे ऊन आणि आपल्याकडची माती

बाहेरच्या पुरवठादारांच्या पुस्तिकांत खानदेशचा उन्हाळा नसतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा बंद पत्र्याच्या शेडमध्ये माणूस भुतापेक्षा उकाड्याने जास्त हैराण होतो, आणि मोटारीही तापून बंद पडतात. छताला उष्णतारोधक थर आणि वाकड्या नळीतून हवा ओढणारे पंखे, म्हणजे हवा जाईल पण उजेड येणार नाही असे, हा खर्च आम्ही देखाव्यांच्या खर्चाआधी धरतो. उन्हाचा आणखी एक परिणाम आहे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि राइड तर तीन मिनिटांत संपते. भर दुपारी आलेल्या प्रवाशाला पहिले दोन देखावे दिसतच नाहीत, तर रात्री यात्रेत आलेल्याला भिंतीवरचे खिळेसुद्धा दिसतात. यासाठी रांगेचा शेवटचा भाग आम्ही मंद उजेडाचा करतो आणि पहिल्या वळणावर डोळ्यांसाठी काही न ठेवता केवळ आवाज ठेवतो.

काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळते आणि श्रावणात फुगते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रूळ टाकणाऱ्याला मात्र सांगावे लागते. मातीवर थेट टाकलेला रूळ वर्षभरात वर-खाली होतो, गाडी वळणावर घासते आणि गाडीला वीज पोचवणारे कार्बन ब्रश महिन्याभरात झिजतात. काळी माती पुरेशी काढून मुरूम भरणे आणि रुळाखाली उंची जुळवता येणारे स्क्रू देणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

भीतीचे गणित

भूत केव्हा उठते, यावर सर्व काही अवलंबून असते. समजा, गाडीचा वेग सेकंदाला 0.8 मीटर आहे, सांगाड्याला उठायला एक सेकंद लागतो आणि तो दीड मीटरवरून दिसायला हवा. तर गाडीच्या चाकाने दाबला जाणारा स्विच सांगाड्याच्या 2.3 मीटर अलीकडे हवा. आमच्या सुरुवातीच्या काळात एका मालकांच्या आग्रहावरून आम्ही गाड्यांचा वेग सेकंदाला 1.2 मीटर केला आणि स्विच जागचे हलवले नाहीत. सांगाडा उठेपर्यंत गाडी 1.1 मीटरवर येत असे, वळण सुरू झालेले असे आणि प्रवाशांचे तोंड दुसरीकडे असे. सगळी भुते जागेवर असून कोणीही घाबरेना. चूक आमची होती. स्विच नव्याने बसवायला चार दिवस लागले आणि ते आम्ही विनामूल्य केले. तेव्हापासून वेग वाढवण्याची मागणी आली की आम्ही आधी प्रत्येक स्विचचे अंतर मोजून कागदावर मांडतो. प्रवाशाने बसल्या जागेवरून हात पूर्ण लांबवला तरी तो कोणत्याही हलत्या भागाला लागू नये, हेही त्याच वेळी तपासतो.

कोणते भूत ठेवू नये

मुंजा, खवीस, वेताळ, समंध यांना आमची हरकत नाही. मुंजासाठी तर पिंपळाच्या पानांची सळसळ पुरते, बाहुली लागतच नाही. डाकीण मात्र आम्ही करत नाही आणि आधीची असल्यास काढून टाकण्याचा आग्रह धरतो. सातपुड्यातील गावांत डाकीण ठरवून जिवंत बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे, आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही हा छळ पुरता थांबलेला नाही. आपल्या राइडमध्ये तिकीट काढून बसलेल्या एखाद्या मुलीच्या घरी हे घडलेले असू शकते.

कामाचा काळ

बाहुल्या, मोटारी आणि गाड्या पावसाळ्यात वर्कशॉपमध्ये आणाव्यात; रुळाचे आणि मुरमाचे काम दिवाळीनंतर जागेवर करावे, म्हणजे उन्हाळी सुट्टीआधी महिनाभर रिकाम्या गाड्या फिरवून पाहता येतात. यात्रेत फिरणाऱ्या भूतबंगल्यांना मार्गशीर्षात सारंगखेड्याला उभे राहायचे असते, त्यांनी आषाढातच कळवावे. आमच्या पहिल्या भेटीच्या दिवशी राइड झाडू-पुसू नये, काहीही रंगवू नये, आणि जो ऑपरेटर ती सर्वांत जास्त वर्षे चालवत आला आहे, तो आता दुसऱ्या कामावर असला तरी त्याला त्या दिवशी अवश्य बोलवावे. तिसऱ्या वळणावर गाडी कशी खडखडते, हे आम्हाला त्याच्याकडूनच ऐकायचे असते.