ठोकळा पडतो तेव्हा

परवा खेळण्यांच्या दुकानात लाकडी ठोकळ्यांचा खोका पाहिला. वर ठळक अक्षरांत 'मुलाचा बुद्ध्यांक वाढवा'. ठोकळे सुरेख होते, पण तो दावा म्हणजे पालकांना दाखवलेलं गाजर आहे. ठोकळे रचताना मूल खरोखर जे शिकतं, ते याहून कितीतरी विलक्षण असतं.

१९७०च्या दशकात जिनिव्हात ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ आणि बार्बेल इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक साधं काम दिलं. अरुंद पट्टीवर आडवा ठोकळा ठेवायचा, तो पडता कामा नये. काही ठोकळे सगळीकडून सारखे होते, काहींच्या एका टोकाला दिसेल असं वजन चिकटवलेलं, तर काहींच्या पोटात वजन लपवलेलं.

लपवलेल्या वजनाची गंमत अशी. समजा, ठोकळा २० सेंटिमीटर लांब आणि १०० ग्रॅमचा आहे. त्याच्या एका टोकात १०० ग्रॅम शिसं भरलं. लाकडाचं सगळं वजन जणू मध्यबिंदूवर एकवटलेलं, शिशाचं तिथून १० सेंटिमीटरवर. दोन्ही वजनं सारखी, म्हणून गुरुत्वमध्य, म्हणजे ठोकळा जिथे तोलून राहतो तो बिंदू, त्या दोहोंच्या बरोबर मध्ये, ठोकळ्याच्या मध्यापासून ५ सेंटिमीटर शिशाकडे सरकतो. हा बिंदू डोळ्यांना दिसत नाही. बोटांना मात्र कळतो, कारण ठोकळा ज्या बाजूला कलतो तिकडचा रेटा हाताला जाणवतो.

चार-पाच वर्षांच्या मुलांनी ठोकळा मागेपुढे सरकवत असाच तोल साधला. सहा-सात वर्षांची अडली! ती प्रत्येक ठोकळा मधोमध ठेवत. पडला की पुन्हा मधोमध, आणखी जपून. शेवटी 'हा राहणारच नाही' म्हणून तो बाजूला. आठ-नऊ वर्षांच्यांना पुन्हा जमलं, आता वजनाचा विचार करून.

मधली मुलं 'ढ' झाली होती का? मुळीच नाही. धाकट्यांना प्रत्येक ठोकळा नवा होता; या मुलांनी मात्र स्वतःचा नियम बांधला होता, की वस्तू मध्यावर तोलते. बहुतेक वस्तूंना तो लागूही पडतो. नियम असला तरच अपवाद खटकतो, आणि खटकत राहिला तरच नियमात वजनाला जागा होते. त्या दोन-तीन वर्षांत मोठ्यांनी पुढे होऊन ठोकळा नीट ठेवून दिला, तर हे खटकणंच थांबतं.

दिवाळीत अंगणात किल्ला करताना हे रोज दिसतं. बुरूज सरळसोट उभारला की ओली माती घसरते. पोरं तो पुन्हा तितकाच उभा थापतात, पुन्हा घसरतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणीतरी न बोलता पायथ्याशी दोन विटा सरकवतं आणि उतार पसरट करतं.