पिनॉय हिप-हॉप

फिलिपिन्समधलं आणि बाहेर स्थायिक झालेल्या फिलिपिनो लोकांचं हिप-हॉप, म्हणजे रॅप, डीजेइंग, ब्रेकडान्स आणि त्याभोवतीचा पेहराव-बोली हे सगळंच. पिनॉय हे फिलिपिनो माणूस स्वतःला म्हणतो ते नाव. रॅप मुख्यतः टॅगालॉग या तिथल्या प्रमुख भाषेत होतो, पण इंग्रजीची सरमिसळ भरपूर असते, आणि सेबू-दावाओकडे बिसाया भाषेतला रॅपही जोरात आहे.

सुरुवात नेमकी कुठे धरायची यावर एकमत नाही. साधारण तीन दावे पुढे केले जातात. पहिला जो बतान याचा, न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेममध्ये वाढलेला, वडील फिलिपिनो आणि आई आफ्रिकन-अमेरिकन, त्याचं 'रॅप-ओ क्लॅप-ओ' १९७९ चं आणि युरोपात बरंच वाजलेलं, पण ते इंग्रजीत आहे आणि अमेरिकेत घडलंय, त्यामुळे त्याला फिलिपिनो वंशाच्या कलाकाराचा पहिला रॅप म्हणता येईल, पिनॉय रॅपची सुरुवात म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. दुसरा दावा डायोर्ड्स हाव्हियेर याच्या 'ना ऑन्सेंग डिलाइट'चा, हे बहुधा १९८० चं, शुगरहिल गँग या अमेरिकन रॅप गटाच्या गाजलेल्या गाण्याचं टॅगालॉग विडंबन. तिसरा व्हिन्सेंट डाफालोंगच्या 'नुनाल'चा, तेही ऐंशीच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचं. शेवटच्या दोन्हींत विनोदी नवलाईचा भाग जास्त आहे म्हणून काहीजण ती मोजतच नाहीत, पण परकी चाल उचलून त्यात आपल्या भाषेची वाक्यं बसवायचं काम तिथेच पहिल्यांदा झालं, तेव्हा टॅगालॉग रॅपचा आरंभ १९८० च्या आसपास मानणं जास्त सयुक्तिक.

हे संगीत आलं कसं, तर अमेरिकन लष्करी तळांमुळे, हे मत सगळ्यात जास्त मान्य आहे. पांपांगातला क्लार्क हवाई तळ आणि ओलोंगापोचा सुबिक नौदल तळ, दोन्ही १९९१-९२ मध्ये बंद होईपर्यंत रेकॉर्ड, रेडिओ, नाच, कपडे सगळं तिथून बाहेर झिरपायचं. पण फक्त तळांवर सगळं श्रेय टाकणं अपुरं आहे. अमेरिकन नौदलात भरती झालेल्या फिलिपिनोंची कुटुंबं कॅलिफोर्नियात वसली आणि त्यांच्या मुलांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीसारख्या गावांत कार्यक्रमांना सामान घेऊन फिरणाऱ्या डीजेंचे गट काढले, गॅरेजमध्ये सराव आणि चर्चच्या हॉलमध्ये, वाढदिवसांना, लग्नांना कार्यक्रम. त्यातूनच क्यूबर्ट, मिक्स मास्टर माइक, अपोलो हे डीजे पुढे आले आणि १९९२ ला डीएमसी ही डीजेंची जागतिक स्पर्धा जिंकले. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवायचं यंत्र, हे स्वतंत्र वाद्य आहे हे जगाला पटवण्यात या पोरांचा वाटा फार मोठा आहे आणि तो अजूनही पुरेसा सांगितला जात नाही.

फिलिपिन्समध्ये बाजारात पाय रोवले गेले ते १९९० ला. फ्रान्सिस मगलोनाचा 'यो!' हा अल्बम त्या वर्षीचा, त्यातलं 'मङा काबाबायान' देशबांधवांना उद्देशून आहे. फ्रान्सिस सिनेनटांच्या घरातला, पण देशाभिमान हा रॅपचा विषय होऊ शकतो हे त्याने दाखवलं, पुढे रॉकशीही त्याची सांगड घातली. २००९ च्या मार्चमध्ये ल्युकेमियाने तो गेला. त्याच १९९० मध्ये अँड्र्यू ई. चं 'हुमानाप का नांग पांगेत' आलं, थट्टेखोर आणि बरंचसं वात्रट. नव्वदीत डेथ थ्रेटसारख्या गटांनी गँगस्टा रॅप, म्हणजे टोळ्या आणि गुन्हेगारीच्या जगाबद्दलचा रॅप, आणला, आणि त्याच गटातून ग्लॉक-नाइन वर आला, रिझाल प्रांतातल्या बिनांगोनान गावचा. २००९ चं त्याचं 'उपुआन' खुर्चीत बसलेल्या सत्ताधाऱ्याला थेट प्रश्न विचारतं, २०१२ च्या 'सिरेना'त गे मुलाला 'सुधारायला' बाप त्याचं डोकं पाण्याच्या ड्रममध्ये बुडवतो आणि म्हातारपणी त्याच मुलाच्या आधाराने जगतो. अशी गोष्ट भरधाव वेगात, एकही शब्द न गिळता सांगणं हे त्याचं बलस्थान.

आता रॅपचं जुन्या काव्याशी असलेलं नातं, इथे अभ्यासकांत खरे मतभेद आहेत. पारंपरिक टॅगालॉग 'आवित' छंदात चार ओळींचं कडवं असतं, प्रत्येक ओळीत १२ अक्षरं, सहाव्यानंतर यती आणि चारही ओळींना एकच यमक. यमकाचा नियमही वेगळा, शेवटचा स्वर तोच हवा, पण व्यंजन तेच असायची गरज नाही, एकाच गटातलं असलं की चालतं. ब, क, द, ग, प, स, त हा एक गट आणि ल, म, न, ङ, र, व, य हा दुसरा, म्हणून दामित आणि लाङिस यांचं यमक जुळतं. शब्द स्वराने संपत असेल तर शेवटी गळ्यात श्वास तुटतो की नाही हेही बघतात. याच परंपरेतून ६ एप्रिल १९२४ ला मनिलाच्या तोंदो भागात पहिलं 'बालागतासान' झालं, होसे कोराझोन दे हेसुस विरुद्ध फ्लोरेंतिनो कोयांतेस, मध्ये 'लाकांदिवा' हा सूत्रधार, आणि श्रोत्यांसमोर पद्यातून वाद, आपल्या कलगी-तुऱ्याच्या सामन्याच्या जवळ जाणारं. रॅप बॅटल, म्हणजे दोन रॅपरांचा शब्दांचा सामना, हा त्याचाच वारस, असं काहीजण ठामपणे म्हणतात. सलग वारसा सिद्ध करणारा पुरावा कमी पडतो, बॅटलचा साचा उघडच अमेरिकन आहे, पण भर सभेत यमकाने प्रतिस्पर्ध्याला गप्प करण्याची हौस तिथे आधीपासून होती म्हणून हा साचा इतक्या पटकन रुजला, एवढं म्हणायला हरकत नाही.

ही बॅटल खरी पसरली ती फेब्रुवारी २०१० पासून, अनिग्मा या रॅपरने सुरू केलेल्या फ्लिपटॉप या बॅटल-मालिकेमुळे. बीट, म्हणजे मागे वाजणारा ठेका, नसतो. दोघं समोरासमोर इतके जवळ की श्वास लागावा, आधी लिहून पाठ केलेल्या ओळी, ठरावीक फेऱ्या, चारी बाजूंनी उभी गर्दी, आणि एखादी ओळ बरोबर लागली की पुढचे काही सेकंद रॅपरला थांबावंच लागतं कारण ओरडण्यात काही ऐकू येत नाही. यूट्यूबवर व्हिडिओ टाकल्यामुळे लूनी, आब्रा, स्मगलाझ ही नावं घराघरांत गेली. शिवराळपणाबद्दल शिक्षक आणि पालकांनी नावं ठेवली ती पूर्ण चुकीची नाहीत, पण वस्तीतल्या पोराला नुसत्या शब्दांच्या जोरावर मान मिळेल अशी जागा याआधी क्वचितच होती आणि वही-पेन एवढ्याच खर्चात ती मिळते हे विसरून चालणार नाही.

नाचाची बाजूही भक्कम आहे, फिलिपिन ऑलस्टार्स हा गट २००६ आणि २००८ मध्ये जागतिक हिप-हॉप नृत्यस्पर्धेत अव्वल ठरला. स्त्री रॅपरांमध्ये ताक्लोबानमध्ये जन्मलेली आणि कॅलिफोर्नियात वाढलेली रूबी इबारा महत्त्वाची, २०१७ च्या 'सर्का ९१' मध्ये ती इंग्रजी, टॅगालॉग आणि ताक्लोबानकडची वाराय या तिन्ही भाषा वापरते.

२०१६ नंतर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या ड्रग्जविरोधी मोहिमेत गरीब वस्त्यांतली हजारो माणसं मारली गेली, आणि रॅप ऐकणारी-करणारी बरीच पोरं त्याच वस्त्यांतली. बीएलकेडी, कॅलिक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 'सांदाता' या नावाखाली २०१९ ला 'कोलातेराल' हा अख्खा अल्बम या हत्यांवर काढला. त्याच वर्षी शांती डोप या रॅपरच्या 'अमात्स'वर रेडिओबंदी घाला अशी मागणी सरकारच्या अमली पदार्थविरोधी खात्याने केली, गाण्यात ड्रग्जचा गौरव नाही असं त्याच्या बाजूने सांगण्यात आलं.