न दिसणारा बिघाड : लसींच्या शीतसाखळीची पार्श्वभूमी

दूध नासले की वास येतो, भाजी सडली की डोळ्यांना दिसते. लस बिघडली तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. उन्हात तापलेली कुपी आणि नीट जपलेली कुपी शेजारीशेजारी ठेवल्या, तर अनुभवी परिचारिकेलाही नुसत्या नजरेने फरक सांगता येणार नाही. निकामी लस टोचली तरी मूल तितकेच रडते, कार्डावर नोंद होते, आईवडील निर्धास्त होतात आणि फसगत झाल्याचे कळते ते साथ आल्यावर. औषधांच्या तापमान-नियंत्रित वाहतुकीचा जो पसारा आज उभा आहे, त्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत कसोटीचा भाग लसींचा आहे आणि त्याचा इतिहास मुख्यतः या न दिसणाऱ्या बिघाडाशी दिलेल्या झुंजीचा आहे.

सुरुवातीला बर्फाचा प्रश्नच नव्हता. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीपासून मानवी देवीला प्रतिबंध करता येतो हे दाखवल्यानंतर ती लस हिंदुस्थानात आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. पण इंग्लंडहून जहाजाने यायला महिनोन्महिने लागत आणि उष्ण पट्टा ओलांडेपर्यंत धाग्यांवर वाळवलेली लस मरून जाई. अखेर ती व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशा मार्गाने मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या दंडावरच्या फोडातली लस आणखी पाच मुलांना टोचली आणि तिथून ती पुणे, सुरत अशी पुढे गेली. दंडावरून दंडावर अशी ही वाहतूक होती. तिच्यात लस जिवंत ठेवण्याचे साधन म्हणजे माणसाचे शरीर आणि शरीराची ऊब. पुढच्याच वर्षी स्पेनमधून अमेरिका खंडाकडे निघालेल्या मोहिमेत याच कामासाठी २२ अनाथ मुले जहाजावर घेतली होती आणि लस टिकावी म्हणून प्रवासात त्यांना आळीपाळीने टोचले जात होते. या वाहतुकीचे ओझे सर्वप्रथम लहान मुलांनी वाहिले, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात विसरता कामा नये.

दंडावरून दंडावर टोचताना एकाचे दुसरे रोगही पुढच्याला लागत, म्हणून पुढे वासरांवर लस वाढवण्याची पद्धत रुळली. मुंबई इलाख्यासाठी बेळगावच्या संस्थेत अशी लस तयार होत असे. ग्लिसरीन मिसळल्याने ती थोडी अधिक टिके, तरी उन्हाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या ‘देवी डॉक्टर’च्या पेटीत तिचा जोर ओसरतच असे. तरीही त्या लसीत एक मोठी सोय होती. आठवडाभराने देवी डॉक्टर पुन्हा गावात आला की मुलाच्या दंडावर देवी उठली की नाही, हे पाहता येई. उठली नसेल तर पुन्हा टोचता येई. लस निकामी होती हे दंडच सांगत असे. पुढे १९५० च्या दशकात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील लेस्ली कॉलियर यांनी देवीची लस गोठवून सुकवण्याची, मोठ्या प्रमाणावर वापरता येईल अशी पद्धत बसवली. ही कोरडी भुकटी ३७ अंश सेल्सिअसला महिनाभर तग धरू शके. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला, त्यामागे या कोरड्या लसीचा वाटा फार मोठा आहे.

त्यानंतर आलेल्या लसींकडे ना तो टिकाऊपणा होता, ना ती साक्ष. जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आखला, तेव्हा विकसनशील देशांतील पाच टक्क्यांहून कमी मुलांपर्यंत या लसी पोहोचत होत्या. भारताने तो कार्यक्रम १९७८ मध्ये स्वीकारला आणि १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण सुरू केले. क्षयरोग, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर हे सहा रोग त्यात होते. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीचा वण सोडला, तर यातली कोणतीही लस लागू पडल्याची खूण अंगावर ठेवत नाही. पोलिओचे थेंब तर उष्णतेला इतके नाजूक, की मोठ्या साठ्याच्या ठिकाणी ते उणे २० अंशांच्या आसपास ठेवावे लागतात. खूण मिळणार नसेल तर वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर थंडाव्याची खात्री ठेवावी लागते. कारखाना, केंद्र सरकारचे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि कर्नाल येथील औषध भांडार, राज्य, विभाग, जिल्हा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटी गावातले लसीकरणाचे सत्र अशी जी रांग लागते, तिला शीतसाखळी हे नाव पडले. तीत बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस हे तापमान ठरलेले असते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ही साखळी आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटरवर, म्हणजे सगळे ज्याला ‘आयएलआर’ म्हणतात त्या पेटीवर उभी आहे. घरच्या फ्रिजचे दार समोरून उघडते आणि उघडताच गार हवा खाली सांडते. आयएलआरचे झाकण वर असते, त्यामुळे गारवा आतच राहतो. भिंतींच्या आत पाण्याचे अस्तर असते, ते वीज असताना गोठते आणि वीज गेली की तोच बर्फ आतले तापमान सांभाळतो. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी ही पेटी तग धरते. ज्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातले भारनियमन भोगले आहे, त्यांना या आठ तासांची किंमत वेगळी सांगायला नको.

बरीच वर्षे सगळे लक्ष उष्णतेवरच राहिले आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली चूक तीच आहे. घटसर्प, धनुर्वात, कावीळ ‘ब’ यांच्या लसींमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. या लसी एकदा गोठल्या की त्या क्षारांच्या गुठळ्या होतात आणि वितळल्यावरही लस पूर्ववत होत नाही. लस जपायची म्हणून अधिकाधिक बर्फ भरणारा कर्मचारी मनापासून काम करत असताना तिचा नाश करत होता. म्हणून आयएलआरच्या तळाला लस टेकू नये, ती टोपलीतच ठेवावी, असा दंडक आला. सत्राच्या दिवशी सकाळी डीप फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक थेट व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे सत्राला लस नेण्याच्या पेटीत, भरायचे नसतात. ते टेबलावर मांडून घाम फुटेपर्यंत थांबायचे, मग एकेक उचलून कानाशी हलवायचा आणि आत पाणी खळखळले की चार बाजूंना चार लावायचे. लस गोठल्याचा संशय आला, तर मुद्दाम गोठवून वितळवलेली कुपी आणि संशयित कुपी एकत्र हलवून टेबलावर ठेवतात. संशयित कुपीतला गाळही गोठवलेल्या कुपीतल्या गाळासारखा झरझर खाली बसू लागला, तर ती लस बाद होते.

उष्णतेची साक्ष मात्र १९९६ मध्ये कुपीवरच आली. पोलिओच्या कुपीवर व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर, अर्थात ‘व्हीव्हीएम’ हे छोटे चिन्ह छापले जाऊ लागले : एक गडद वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन. कुपीने जितकी उष्णता सोसली असेल तितका चौकोन काळवंडत जातो आणि तो वर्तुळाच्या रंगाला येऊन भिडला की कुपी वापरायची नाही. नाशवंत खाद्यपदार्थांसाठी निघालेल्या तंत्रातून ही कल्पना आली होती. घरोघरी पोलिओचे थेंब पाजत हिंडणाऱ्या लाखो कर्मचाऱ्यांना तिने निर्णयाचा अधिकार दिला, आणि १३ जानेवारी २०११ च्या हावड्यातील रुग्णानंतर भारतात नैसर्गिक विषाणूचा पोलिओ आढळला नाही, या यशात त्या चौकोनाची भूमिका आहे. लस गोठली तर मात्र हा चौकोन काहीच सांगत नाही; तिथे अजूनही जाणत्या हातांचीच गरज लागते.

२०१५ पासून ‘ईविन’ या प्रणालीने लसींचा साठा आणि शीतकपाटांचे तापमान मोबाइलवर दिसू लागले. कोविडची साथ आली तेव्हा देशात सुमारे २९,००० शीतसाखळी केंद्रे आणि ४५,००० आयएलआर होते. फायझरच्या लसीला उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागत होती; १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या कोविशील्डच्या ४७८ खोक्यांना २ ते ८ अंश पुरत होते, म्हणून बालकांसाठी उभारलेल्या याच जाळ्यातून ती गावांपर्यंत जाऊ शकली.

याच संस्थेने मेंदूज्वराविरुद्ध आफ्रिकेसाठी बनवलेल्या ‘मेनआफ्रिव्हॅक’ लसीने त्याआधीच एक वेगळी वाट उघडली होती. ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस बर्फाविना ठेवण्याची मुभा तिला २०१२ मध्ये मिळाली आणि त्याच नोव्हेंबरात बेनिन देशातील बानिकोआरा जिल्ह्यात दीड लाखाहून अधिक लोकांना ती या पद्धतीने टोचली गेली. कॅरिअरमध्ये आइसपॅकच्या जागी एक कार्ड ठेवले होते. तापमान ४० अंशांवर गेले तर त्याचा रंग बदलणार होता आणि चौथा दिवस संपताना उरलेली प्रत्येक कुपी टाकून द्यायची होती, मग तिच्यावरचा चौकोन कितीही फिकट असो.