एक कपाट, आठ लेथ

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात गेल्यास प्रत्येक लेथच्या शेजारी एक लहान ड्रॉवर दिसतो. हातातल्या जॉबला लागणारी इन्सर्ट, पाने आणि व्हर्निअर त्यात असतात. शेडच्या मध्यावर सगळ्या टर्नरांचे मिळून एक कपाट असते, आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला स्टोअर असते. स्टोअरमध्ये सगळे मिळते, पण तिथपर्यंत चालत जाणे, चिठ्ठी देणे, सही करणे आणि परत येणे यात लेथ तेवढा वेळ रिकामा उभा राहतो. आजच्या संगणकातील प्रोसेसरची चिप जवळजवळ याच रचनेची आहे, आणि त्या मधल्या कपाटाची वाटणी कशी करावी हा प्रश्न गेली वीस-पंचवीस वर्षे चिप बनवणाऱ्यांना पुरून उरला आहे.

चिपवरच्या प्रत्येक गाभ्याजवळ, म्हणजे कोअरजवळ, त्याची स्वतःची छोटी कॅश मेमरी असते. तिच्यातील माहिती साधारण एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, हाती येते. अनेक गाभ्यांची सामायिक कॅश त्याहून बरीच मोठी असते, पण तिला दहा-पंधरा नॅनोसेकंद लागतात. चिपच्या बाहेरील मुख्य मेमरीपर्यंत, म्हणजे रॅमपर्यंत, जाऊन येण्यास 80 ते 100 नॅनोसेकंद जातात. गाभ्याचे काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालते, आणि एवढ्या वेळात 4 गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 4 अब्ज ठोक्यांचा, गाभा सुमारे साडेतीनशे ठोके नुसता वाट पाहत राहू शकतो. मग सगळीच मेमरी वेगवान का करत नाहीत, असे वाचक विचारेल. कॅशच्या एका बिटाला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात, तर रॅमच्या एका बिटाला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. वेगवान मेमरी चिपवर जागा फार खाते, त्यामुळे ती थोडीच असते, आणि जे थोडे असते त्याच्या वाटणीवरूनच भांडण होते.

'कॅश' हा उच्चार आपल्याकडे रोख रकमेचा वाटतो, पण या शब्दाचे मूळ 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे. कल्पना जुनी आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी 1965 साली अशा दुय्यम, वेगवान मेमरीचा प्रस्ताव मांडला आणि 1968 मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/360 मॉडेल 85 मध्ये ती बाजारात आली. त्या काळी मात्र एका कपाटाला एकच मालक होता. 2001 साली आयबीएमच्या पॉवर4 चिपवर दोन गाभे आले, 2006 मध्ये इंटेलच्या कोअर 2 डुओने सामायिक कॅश घरोघरच्या संगणकात नेली, आणि एका कपाटाभोवती गर्दी सुरू झाली.

प्रत्येकाला समान वाटा देऊन कपाटाला कुलपे लावणे हा उपाय सरळ दिसतो, पण तो वाया घालवणारा आहे. आठपैकी एकच लेथ चालू असेल तर त्याला सगळे कपाट मिळायला हवे, आणि दोघांना एकच गेज लागत असेल तर त्याच्या दोन प्रती ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून बहुतेक चिपांवर कपाट उघडे ठेवले गेले आणि एक साधा नियम लावला गेला. नवी वस्तू ठेवायला जागा नसेल तर जिला सर्वात जास्त वेळ कोणी हात लावलेला नाही, ती वस्तू बाहेर काढायची. एका मालकाच्या काळात या नियमाने उत्तम काम केले.

अनेक मालकांच्या कपाटात त्याच नियमाचा दोष उघडा पडतो. कारखान्याच्या ऑफिसातील संगणकावर एक जण ड्रॉइंगचा प्रोग्रॅम चालवत आहे आणि त्याच वेळी मागे फायलींची नक्कल घेण्याचे काम सुरू आहे, असे समजू. नक्कल घेणारा प्रोग्रॅम प्रत्येक माहिती एकदाच वाचतो आणि तिच्याकडे पुन्हा वळून पाहत नाही. तरी त्याने मागितलेली प्रत्येक गोष्ट कपाटात येऊन बसते, आणि ती नुकतीच वापरलेली असल्यामुळे ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमची रोज लागणारी सामग्री बाहेर पडते. संगणक रेंगाळण्याची इतरही कारणे असतात, पण हे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. उघड्या कपाटात जो जास्त मागतो त्याला जास्त जागा मिळते. त्या जागेचा त्याला उपयोग होतो का, हे तो नियम विचारतच नाही.

हा प्रश्न नेमका विचारण्याची सर्वात देखणी रीत, माझ्या मते, मोईनुद्दीन कुरेशी आणि येल पॅट या संशोधकांनी 2006 साली मांडली. ती समजण्यासाठी कपाटाची आतली मांडणी पाहावी लागेल. कपाटात पुष्कळ खण असतात आणि प्रत्येक खणात, उदाहरणार्थ, 16 जागा असतात. कोणती वस्तू कोणत्या खणात जाणार हे तिच्या पत्त्यावरून ठरते. आता स्टोअरकीपरने प्रत्येक टर्नरसाठी एक वेगळी वही ठेवली, असे समजा. (आमच्याकडच्या अशा वह्यांत नावे मराठीत आणि सह्या कन्नडात सापडतात, पण ते असो.) हे सगळे कपाट या एकट्याचेच असते तर खणात कोणत्या 16 वस्तू असत्या, याची यादी त्या वहीत शेवटच्या वापराच्या क्रमाने लिहिलेली असते. टर्नरने मागितलेली वस्तू यादीत पाचव्या क्रमांकावर सापडली, तर निदान पाच जागा असत्या तर ती मिळाली असती, एवढे निश्चित कळते. पाचाच्या रकान्यात एक रेघ ओढायची आणि ती वस्तू यादीच्या माथ्यावर न्यायची. काही वेळाने रेघा मोजल्या, की एक जागा दिली तर किती वेळा स्टोअरची फेरी वाचली असती, दोन दिल्या तर किती, अशा सोळाही शक्यतांची उत्तरे एकाच वहीतून मिळतात. प्रत्यक्ष प्रयोग करून पाहण्याची गरजच राहत नाही.

शिवाय वहीत वस्तू ठेवायच्या नसतात, त्यांची फक्त नावे लिहायची असतात, आणि तीही सगळ्या खणांची नव्हे. नमुन्यादाखल 32 खण पुरेसे ठरतात, असे या संशोधकांना आढळले. त्यामुळे एका गाभ्यामागे हा हिशेब 2 किलोबाइटपेक्षा कमी जागेत बसला. दर 50 लाख ठोक्यांनी वह्या पाहून वाटणी नव्याने करायची, अशी त्यांची योजना होती. दोन गाभ्यांच्या चिपवरील त्यांच्या चाचण्यांत उघड्या कपाटाच्या तुलनेत कामाचा वेग सरासरी 11 टक्क्यांनी, आणि जास्तीत जास्त 23 टक्क्यांनी, वाढला.

वह्या हाती आल्यावरही वाटणी सोपी नसते. खणात 32 जागा असतील तर त्या आठ गाभ्यांत वाटण्याचे 1 कोटी 53 लाखांहून अधिक मार्ग आहेत, आणि ते सगळे तपासत बसायला चिपला सवड नसते. पुढची एक जागा ज्याला सर्वाधिक लाभदायक त्याला द्यायची, असे एकेक जागा वाटत जावे, तर वेगळाच घोटाळा होतो. एखादा प्रोग्रॅम प्रत्येक खणातील 12 वस्तू ठरलेल्या क्रमाने पुन्हापुन्हा फिरवत असेल, तर त्याला 11 जागा देऊनही एकही वस्तू सापडत नाही, कारण प्रत्येक वस्तू तिची पाळी येण्याच्या जरा आधी बाहेर गेलेली असते. बारावी जागा मिळताच मात्र सगळ्या सापडतात. एकेक जागेचा लाभ पाहणारा अशा प्रोग्रॅमला कायम रिकाम्या हाताने परत पाठवील. म्हणून कुरेशी आणि पॅट यांची पद्धत पुढे पाहते आणि 'याला एकदम 12 जागा दिल्या तर दर जागेमागे लाभ किती' असा हिशेब सर्व संख्यांसाठी करून मग निर्णय घेते.

कॅशची वाटणी आता प्रत्यक्ष यंत्रांतही आली आहे. इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या झिऑन चिपांवर कोणत्या कामाला कपाटाच्या कोणत्या जागा द्यायच्या हे ठरवता येते, आणि लिनक्स या संगणक प्रणालीच्या 2017 च्या 4.10 आवृत्तीपासून त्यासाठीची सोय थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या मूळ भागात, आहे. मात्र तिथे वाटे सहसा माणूस किंवा वरचा प्रोग्रॅम ठरवतो. एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांची कामे चालवणाऱ्यांना वेगापेक्षा हमी महत्त्वाची वाटते, आणि एकूण उत्पादन जास्तीत जास्त करणारी वाटणी एखाद्या ग्राहकावर अन्याय करू शकते. वाटे वेगळे ठेवल्याने आणखी एक फायदा होतो. कपाटातून आपली कोणती वस्तू नाहीशी झाली हे पाहून शेजारी काय करत आहे याचा अंदाज बांधणारे हल्ले अवघड होतात.

स्टोअरकडे जाणारी वाटही सामायिकच असते. थॉमस मोशिब्रोडा आणि ओनुर मुतलू यांनी 2007 मध्ये दाखवले, की रॅमच्या रांगेचा नियम साधून एक प्रोग्रॅम शेजारच्या गाभ्यावरील कामाला अडवून ठेवू शकतो. रॅमची एक ओळ एकदा उघडली, की तिच्यातील पुढच्या मागण्या आधी पुरवणे सोयीचे असते, आणि सलग वाचणारा प्रोग्रॅम नेमक्या त्याच ओळीतले मागत राहतो.

गाभ्यांची संख्या जागांच्या पुढे गेली की वर सांगितलेली रीतही तोकडी पडते, कारण 64 गाभ्यांना 16 जागांतून प्रत्येकी एकही देता येत नाही. 2011 साली डॅनियल सांचेझ आणि क्रिस्टोस कोझिराकिस यांनी खणातील जागा न बांधता संपूर्ण कपाटातील वस्तूंच्या एकूण संख्येवर वाटे ठरवण्याची पद्धत सुचवली. एएमडीच्या 2020 च्या झेन 3 चिपांनी दुसरी वाट धरली. तिथे जास्तीत जास्त आठ गाभ्यांमागे 32 एमबीचे एक कपाट असते, आणि त्याहून अधिक गाभे हवे असतील तर शेजारी नवी शेड उभारून तिला वेगळे कपाट दिले जाते.